एका माणसाचा भात

वसतिगृहात वाढलेल्या माणसाला एकट्यापुरता स्वयंपाक लवकर जमत नाही. त्रिशरण-पंचशील म्हणून आम्ही पंगतीला बसत असू. तेथे भात तपेल्याने शिजे आणि वरण बादलीतून येई. आमच्यापैकी अनेकांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊसतोडीला जात. त्या पाच-सहा महिन्यांत ही पंगत हेच आमचे घर असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते का काढले असावे, हे आम्हांला त्या पंगतीत न सांगता समजत होते.

आज आम्ही नोकरीनिमित्त शहरात एका खोलीत राहतो. खोली शोधताना घरमालक आधी आडनाव विचारतात आणि मग, ‘स्वयंपाकात काय काय करणार?’ असे विचारतात. प्रश्न दोन असले तरी रोख एकच असतो. म्हणूनच मोबाईलवरून विजेवरचा एक लहानसा राईस कुकर मागवताना ती आम्हांला केवळ सोय वाटली नाही. आपली चूल आपल्या हाती असणे ही मोठी गोष्ट आहे.

मागवण्यापूर्वी आम्ही वर्णन नीट वाचले, आणि आमच्या धाकट्या भावंडांनीही ते वाचावे. भांड्याचे माप काठोकाठ दिलेले असते. उकळी यायला वर जागा लागते. एकट्याला अर्धा लिटर पुरतो. ३०० ते ४०० वॅटचे यंत्र खोलीतल्या साध्या सॉकेटवर चालते. हजाराच्या पुढचे असेल तर १६ अँपिअरचा सॉकेट आहे का, ते आधी पाहावे. आयएसआय चिन्ह, वॉरंटी आणि जवळचे दुरुस्ती केंद्र तपासावे. ४०० वॅटचा कुकर अर्धा तास चालला, तर वीज ०.२ युनिट लागते.

या यंत्राची युक्ती साधी आहे. भांड्यात मोकळे पाणी असेपर्यंत उष्णता १०० अंशांच्या आसपास राहते. पाणी भातात मुरले की ती वर चढते आणि खटका आपोआप पडतो. असा स्वयंचलित कुकर जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली बाजारात आणला. आमच्या परळीच्या औष्णिक केंद्राने वीज दिली, पण भाकरी काही या भांड्यात होत नाही. ज्वारीच्या कण्या मात्र उत्तम शिजतात. ताक घातले की गाव आठवते.

संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. आहारात मात्रा जाणावी, असा उपदेश त्याला मिळाला. जेवताना तो उपदेश रोज म्हणून दाखवण्याचे काम राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

ही कथा बहुधा मिताहारासाठी सांगतात. एकट्याने जेवताना आम्हांला तिच्यातला सुदस्सनच अधिक आठवतो. राजाच्या ताटाशी आठवण द्यायला कोणी तरी उभे होते. एकट्या माणसाचे दुखणे निराळे असते: तो जास्त जेवत नाही, जेवण चुकवतो, आणि ‘जेवलास का?’ असे विचारणारे कोणी नसते. यंत्राला भात झालेला कळतो. माणूस उपाशी राहिलेला कळत नाही.

म्हणून अर्धा लिटर पुरत असूनही आम्ही १ लिटरचा कुकर घेतला. रोज त्यात एक वाटी तांदूळ पडतो. रविवारी दोन पडतात, कारण त्या दिवशी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा आपल्याच शाळेचा एखादा विद्यार्थी जेवायला येतो. मात्रा जाणणे म्हणजे आपल्या ताटातले कमी करणे, एवढेच नव्हे; दुसऱ्याचे ताट हिशेबात धरणे हेही त्यात येते. शाळेच्या पंगतीने आम्हांला दिलेले हे माप कोणत्याही भांड्यावर छापलेले नसते.