कुलाब्याची नोंदवही

सौर वादळांच्या वार्ता अलीकडे वर्तमानपत्रांतून वरचेवर येतात, आणि त्या वाचताना आम्हांस उपग्रहांच्या आधी एक जुनी नोंदवही आठवते. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदास सूर्यावरील डागांच्या समूहात एकाएकी शुभ्र लखलखाट दिसला. त्या उद्रेकाचा लोंढा सुमारे साडेसतरा तासांत पृथ्वीवर येऊन थडकला. अमेरिकेत तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून केवळ तारेत उतरलेल्या प्रवाहावर संदेश धाडले. त्या वेळी मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या वेधशाळेतील निरीक्षक नित्याप्रमाणे आकडे टिपत होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक तेथे सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरला. एरवी मोठ्या म्हणविणाऱ्या वादळातही ही घसरण काहीशे नॅनोटेस्लांचीच असते.

वादळास नाव मिळाले ते कॅरिंग्टनचे. आम्ही उभी हयात सरकारी दफ्तरात काढलेली, म्हणून आमचा जीव मात्र त्या निरीक्षकांपाशी अडकतो. डोळ्यांनी पाहावे, हाताने लिहावे, असा तो काळ. आपण काय टिपून ठेवतो आहोत, हे त्यांस उमगणे शक्यच नव्हते. त्याचे मोल उमगले ते २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत ते आकडे पुन्हा तपासले तेव्हा. मधली १४४ वर्षे ते जपले गेले, याचेच आम्हांस अधिक अप्रूप! 'निरुपयोगी' असा शेरा मारून बस्तेच्या बस्ते रद्दीत गेलेले आम्ही पाहिले आहेत.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडणार, हे ओळखून कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागेची जागा निवडली. १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालले, हेतू हा की जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. आमच्या खात्यात पदभाराची देवघेव एका दुपारी, चहाच्या पेल्याबरोबर उरकत असे.

आता धोका तारायंत्रापुरता राहिलेला नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने गेली आणि साठ लक्ष लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. २ सप्टेंबर २०२३ रोजी आपले 'आदित्य-एल१' निघाले (तिथी कोणी मुद्दाम साधली असेल असे नव्हे), आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पंधरा लक्ष किलोमीटरवरील आपल्या ठाण्यावर पोहोचले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'ने घडविलेली आहे. सौर वाऱ्याचा झोत त्या ठाण्यापासून पृथ्वीवर येण्यास अर्धा ते एक तास लागतो. एवढ्या अवधीत वीजमंडळांनी सावध व्हावयाचे. अवधी थोडा खरा, पण १८५९ साली तोही नव्हता.

१० मे २०२४ रोजी अक्षय्य तृतीया होती. आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हे असे सारे यथासांग होऊन मंडळी निजली. त्याच रात्री गेल्या वीस वर्षांतील सर्वांत तीव्र वादळ पृथ्वीवर आदळले आणि पहाटेपूर्वी लडाखमधील हानलेचे आकाश तांबडे झाले. माळव्यातल्या आम्हां कोणास त्याची चाहूलही लागली नाही.