यवतचा मुक्काम

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालेला प्रवासी हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन अशी गावे मागे टाकीत यवतला पोहोचतो आणि बहुधा न थांबताच पुढे जातो. दौंड तालुक्यातील हे गाव तसे शांत. खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा गोडसर धूर, एक लहानसे रेल्वेस्थानक. जुन्या शिल्पांची आवड असणारे येथून भुलेश्वरच्या डोंगराकडे वळतात. पण तेही गावात फारसे रेंगाळत नाहीत. यवत पाहायचे असेल तर ज्येष्ठ वद्य पक्षाच्या अखेरच्या दिवसांत, संत तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला येते त्या संध्याकाळी पाहावे.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला. हडपसरला दोन वाटा फुटतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटाकडे जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. लोणी ते यवत ही मजल लांबची, पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. पावसाने ओढ दिलेली असली तर पायाखाली तापलेले डांबर, आणि पाऊस असला तर चिखल. अशा अवस्थेत काळभैरवनाथाच्या मंदिराशी पोहोचलेल्या माणसापुढे यवतकर जे ठेवतात त्यात पक्वान्न नसते. पिठले आणि भाकरी, एवढेच.

या साधेपणात मोठा विचार आहे. वाटेवर ठिकठिकाणी भाविक गोडधोड वाढत असतात. शिणलेल्या पोटाला ते सोसतेच असे नाही. शेतकऱ्याच्या घरातून निघालेल्या वारकऱ्याला त्या रात्री हवी असते ती घरची चव. पाहुण्याला काय द्यावे, यापेक्षा त्याला काय हवे असेल, हा प्रश्न यवतने आधी विचारलेला दिसतो. यजमानाची हौस पुष्कळदा हा क्रम उलटा करते.

पिठले मंदिराच्या आवारात मोठमोठ्या कढयांत शिजते. भाकऱ्या मात्र घरोघरी भाजल्या जातात. त्या दिवशी गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर चुली लवकर पेटतात. पाट्यांतून, फडक्यांत बांधून भाकऱ्या मंदिराकडे येतात आणि एका राशीत पडतात. एकदा राशीत पडली की कोणती भाकरी बागायतदाराच्या घरची आणि कोणती मजुराच्या, हे सांगता येत नाही. वाढणाऱ्याला घेणाऱ्याचे नाव ठाऊक नसते, खाणाऱ्याला भाकरी थापणारीचे. उपकाराचे ओझे कोणाच्याच खांद्यावर पडत नाही. पेढीवर बसून दानाच्या पावत्या फाडणाऱ्यांनी ही रास एकदा तरी पाहावी.

वारीची बोलण्याची रीतही अशीच आहे. वाट हवी असेल तर ‘माऊली’, पाणी हवे असेल तर ‘माऊली’, चुकून धक्का लागला तरी ‘माऊली’. बंदोबस्ताचा शिपाई, फळीवर बसलेला दुकानदार, कडेवरचे पोर, सगळ्यांना हेच संबोधन. कोणी पायाला हात लावला तर समोरचा वयाचा, मानाचा हिशेब न करता लगेच वाकून त्याच्या पायाला हात लावतो. इतक्या दाट गर्दीत लोक चालू शकतात ते केवळ दोरखंड आणि शिट्ट्यांच्या बळावर नव्हे. याच सुमारास, आषाढी चौदसपूर्वी चातुर्मासाचे स्थान गाठण्यासाठी विहार करणारे साधू-साध्वीही राज्यातल्या रस्त्यांवरून खाली पाहत, पाऊल जपून टाकीत चाललेले असतात. पायी चालणाऱ्याला रस्ता दुसऱ्याचाही आहे हे उमजते. वाहनात बसलेल्याला ते सहसा उमजत नाही.

मात्र या पाहुणचाराची दुसरी बाजू पुष्कळ वर्षे दबक्या आवाजातच बोलली जाई. लाखोंचा समुदाय एका रात्रीपुरता लहान गावात उतरला की पालखी हलल्यावर मागे काय उरते? शेताचे बांध, ओढ्याचा काठ, शाळेची मागची भिंत यांची अवस्था पाहवत नसे. त्यात बायकांचे हाल वेगळेच. अंधाराची वाट पाहणे, त्यासाठी दिवसभर पाणी कमी पिणे. भाकरी देणाऱ्या गावावर हा भार टाकणे हा वारीच्या रीतीला न शोभणारा प्रकार होता, आणि तो बोलून दाखवणे यजमानाला जड जात होते. गेल्या दशकात ‘निर्मल वारी’ या नावाने मुक्कामांच्या गावी फिरती शौचालये उभी राहू लागली, त्यांचा वापर करण्यासाठी स्वयंसेवक हात जोडून विनंती करू लागले. २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आणली. काम पुरे झालेले नाही, कचरा अजूनही उरतो. पण पाहुण्यानेही यजमानाचे घर सांभाळायचे असते, हे आता उघडपणे सांगितले जाते.

पहाटे पूजा होते आणि पालखी वरवंडकडे निघते. एखादा म्हातारा वारकरी उरलेली भाकरी धोतराच्या सोग्यात बांधतो. भाकरी दुसऱ्या दिवशीही टिकते. भांडगावच्या विसाव्याला, झाडाखाली बसून, शेजारच्या अनोळखी माणसापुढे तो तिचा अर्धा तुकडा धरतो.