बाजार, सोयाबीन आणि आपण आयटीवाले

पुण्याहून हैदराबादला रोडने गेला असाल तर सोलापूर मागे टाकल्यावर, नळदुर्गच्या आधी अणदूर लागतं. बहुतेकांना ते कळतही नाही. माझे मामा तिथले, म्हणून मला कळतं. (खंडोबाचं गाव. देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, तसा दोन्ही गावांचा करारच आहे. आपल्याकडच्या एसएलएपेक्षा तो बराच जास्त पाळला जातो.)

म्हणजे बघा, एका टोकाला हिंजवडी, दुसऱ्या टोकाला हायटेक सिटी आणि मध्ये हे गाव, २०१८ साली केंद्राने 'आकांक्षित', म्हणजे आपल्या भाषेत मागास, ठरवलेल्या जिल्ह्यातलं. १९९१ ने आपल्याला नोकऱ्या दिल्या हे सगळेच मानतात, मीही मानतो. पण कँटीनमध्ये कुणीतरी लगेच पुढचं वाक्य टाकतो की सरकार बाजूला झालं म्हणून आयटी वाढलं, तसं शेतकऱ्यांनीही मार्केटला तोंड द्यायला शिकावं. इथे माझं डोकं फिरतं.

कारण सरकार बाजूला झालंच नव्हतं. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या कंपन्यांना निर्यातीच्या नफ्यावर २०११ पर्यंत आयकरात सूट होती. त्यात गैर काही नाही, वाढत्या धंद्याला हात द्यावाच. तेलबियांनाही १९८६ च्या मिशनने तसा हात दिला होता आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला होता. मग १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. तेव्हाचं ६५ टक्के शुल्क १९९८ पर्यंत १५ वर आलं. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. गरिबाच्या कढईत स्वस्त तेल पडलं हे खरंच आहे, फक्त त्याचं बिल तेलबिया पिकवणाऱ्याच्या नावावर फाटलं.

बरं, बाजार म्हणावा तर तोही पूर्ण नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. ऑगस्टमध्ये सरकारने कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्य केलं. डिसेंबरमध्ये सेबीने सोयाबीनचे वायदेच थांबवले. पाच महिन्यांत तीन पॅच! आपल्या प्रॉडक्शन सपोर्टलाही इतकं जमत नाही.

२०२४ मध्ये उलटं झालं. हमीभाव ४,८९२ आणि बाजार त्याच्याही खाली. शुल्क वाढवलं, सरकारी खरेदी केंद्रं उघडली, पण कुठे मालात ओल जास्त निघाली, कुठे बारदाना संपला. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा निम्मं केलं.

मामा एकदा म्हणाले, "रुपया पडला की तुमच्या कंपनीला फायदा होतोय म्हणं?"

म्हटलं, "होतो मामा, बिलिंग डॉलरमध्ये असतं ना."

"मग तवा कुणी येऊन म्हणतंय का, बास, लई कमवलं?"

काय सांगणार?

२०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठवाड्यातली पोरं रस्त्यावर आली, तेव्हा आमच्या ग्रुपवर 'यांना कामधंदे नाहीत का' असं फिरत होतं. नाहीतच ना! वाटणी होऊन उरलेली तीन-चार एकर, त्यात सोयाबीन, हातात बीएस्सीची डिग्री. आरक्षणाने किती जणांना नोकऱ्या मिळतील यावर माझं मत वेगळं आहे, मामेभावाशी त्यावरून जोरात भांडणही झालंय. पण शेतीतून बाहेर पडायला दार हवं, हे त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

असो. सध्या तो माझ्याकडेच राहून जावाचा क्लास करतोय. फीचा पहिला हप्ता मामांनी भरला, घरात ठेवलेलं सोयाबीन ४,१०० ने घालून.