क्रेनची क्षमता: टन आणि मीटर

क्रेनवर रंगवलेला ‘50 टन’ हा आकडा तिची सर्वाधिक क्षमता सांगतो आणि ती एका विशिष्ट स्थितीपुरतीच खरी असते. मोबाइल क्रेनमध्ये ही स्थिती साधारणपणे अशी: बूम (क्रेनची लांबणारी भुजा) पूर्ण आत, आउटरिगर (बाजूला पसरणारे आधाराचे पाय) पूर्ण पसरलेले, काउंटरवेट पूर्ण चढवलेले आणि भार क्रेनच्या फिरण्याच्या अक्षापासून जेमतेम 3 मीटरवर. या अंतराला त्रिज्या म्हणतात. प्रत्यक्ष कामावर इतक्या जवळून भार उचलायची वेळ क्वचितच येते. म्हणून खरी क्षमता लोड चार्टमध्येच, म्हणजे त्रिज्येनुसार मान्य भार देणाऱ्या तक्त्यातच, पाहावी लागते.

भार जवळ असतो तेव्हा तो जवळपास आउटरिगरच्या रेषेवरच टांगलेला असतो. क्रेन उलटण्याचा धोका कमी, पण बूम आणि दोरावरचा ताण मोठा; तिथली मर्यादा मजबुतीची असते. भार लांब गेला की तोच आउटरिगर तरफेचा टेकू बनतो आणि मर्यादा तोलाची होते. अनेक चार्टमध्ये ठळक रेघ हे दोन भाग वेगळे दाखवते. तोलाच्या भागात क्रेन ज्या भाराला उलटेल, त्याच्या काही टक्केच भार मान्य असतो: अमेरिकी मानकांत आउटरिगरवरील क्रेनसाठी 85 आणि क्रॉलर क्रेनसाठी 75 टक्के. मजबुतीच्या भागात मर्यादा ओलांडली, तर क्रेन आधी कलून इशारा देईलच असे नाही. बूम एकदम मोडू शकतो.

चार्टमधला आकडा म्हणजे नुसत्या सामानाचे वजन नव्हे. हुक ब्लॉक, स्लिंग, शॅकल यांचे वजन त्यातूनच वजा होते. चार्ट 10 टन सांगत असेल, ब्लॉक 500 किलोचा आणि स्लिंग-शॅकल 200 किलोचे असतील, तर सामानासाठी 9.3 टन उरतात. त्रिज्या चार्टमधल्या दोन नोंदींच्या मध्ये आली, तर मोठ्या त्रिज्येचा, म्हणजे कमी आकडा धरायचा.

हायड्रा ही ‘पिक अँड कॅरी’ प्रकारची मोबाइल क्रेन भार घेऊन चालते. तिचा कमाल आकडा यंत्र सरळ आणि जमीन सपाट असतानाचा असतो. वळताना किंवा उतारावर तो घटतो.

टॉवर क्रेनला दोन आकडे असतात: ट्रॉली मनोऱ्याजवळ असतानाचा कमाल भार आणि जिबच्या (आडव्या भुजेच्या) टोकावरचा भार. दुसरा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणूनच तिची ताकद टन-मीटरमध्येही सांगतात.

कारखान्यातल्या ईओटी (विजेवर चालणाऱ्या ओव्हरहेड) क्रेनचा गर्डर दोन्ही बाजूंच्या रुळांवर टेकलेला असतो. त्यामुळे तिची क्षमता हुक जाऊ शकेल तिथे सर्वत्र सारखीच राहते. तिथे दुसरा प्रश्न महत्त्वाचा: किती वेळा आणि किती जड उचलायचे? त्यासाठी एम1 ते एम8 अशा श्रेणी आहेत. क्वचित चालणाऱ्या दुरुस्तीच्या क्रेनला खालची श्रेणी पुरते. पोलाद कारखान्यात वितळलेला धातू वाहणाऱ्या क्रेनला वरची लागते.

चार्टमध्ये वारा पूर्णपणे मावत नाही. 14 जुलै 1999 रोजी अमेरिकेतील मिलवॉकी येथे स्टेडियमच्या छताचा 400 टनांहून जड भाग उचलताना प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन कामगार मृत्युमुखी पडले. त्या छतावर येणारा वाऱ्याचा दाब हिशेबात धरलेला नव्हता. रुंद, पसरट सामानाच्या बाबतीत वजनाइतकेच त्याचे क्षेत्रफळ पाहावे लागते.

भारतात 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 29 नुसार सुरक्षित कार्यभार यंत्रावर स्पष्ट लिहिणे, तो न ओलांडणे आणि बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेणे बंधनकारक होते.