पूड नको, भाजी कर

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होऊन आई घरी आली ती अगदीच खंगून. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी भिंतीचा आधार. अंडं-मांस तिला वर्ज्य, दूध सोसत नाही, आणि डॉक्टर म्हणाले होते, प्रथिनं वाढवा. अशातच एक नातेवाईक मशरूम प्रोटीनच्या पुडीचा महागडा डबा घेऊन आले. डब्यावर रेशी अळंबीचं चित्र आणि खाली ‘प्रतिकारशक्ती’, ‘कर्करोग’ असे मोठाले शब्द.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्या शब्दांमागे खरं संशोधन आहे, हे मला ठाऊक होतं. 1989 साली जपानी संशोधकांनी रेशीतून ‘लिंग झी-8’ हे प्रथिन वेगळं काढलं. ते रोगप्रतिकारक पेशींना चेतवतं. पुढे एनोकी अळंबीतही त्याच कुळातलं प्रथिन सापडलं. आपल्या बाजारातल्या साध्या बटन मशरूममधल्या लेक्टिन या प्रथिनाची गोष्ट तर मी वर्गात दरवर्षी रंगून सांगते. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या लेक्टिनने आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली, तीही पेशी न मारता. पण त्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या होत्या. आपण खाल्लेल्या बहुतेक प्रथिनांचे जठरात आणि आतड्यात तुकडे होतात. बशीतला परिणाम चमचाभर पुडीतून तसाच मिळेल, असं कुठलाही अभ्यासक छातीठोकपणे सांगणार नाही.

शिवाय आईला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती आणि रेशीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “डबा बंदच ठेवा. अळंबीची भाजी मात्र खुशाल करा.” आईचंही तेच म्हणणं, “पूड नको गं, भाजी कर.”

जवळच्या गावातल्या एक ताई गव्हाच्या काडावर धिंगरी अळंबी घेतात. त्यांच्याकडून ताजी धिंगरी आणायची, कांदा-लसणावर परतायची, वर थोडा काळा मसाला. ताज्या अळंबीत नव्वद टक्के पाणीच. शंभर ग्रॅममागे प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम. म्हणून वरण, उसळ, दाण्याची चटणी यांतलं काहीच कमी केलं नाही. मात्र धान्यात कमी असणारं लायसिन हे अमिनो आम्ल अळंबीत चांगलं असतं, त्यामुळे भाकरीशी तिची जोडी उत्तम जमते. आणि आईला ती मनापासून आवडली, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. रुचत नसलेलं अन्न आजारी माणसाच्या पोटात जातच नाही.

हळूहळू ती जिना चढू लागली. त्याचं श्रेय रोजच्या व्यायामाला आणि भरल्या ताटाला. अळंबी त्या ताटातला एक घास. घरात कुणाला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी कुठलीही पूड देऊ नका.