ज्युनियर वॉर्डन

माझी घरमालकीण ७४ वर्षांची. आमच्या अमेरिकन गावातल्या छोट्या एपिस्कोपल चर्चची ती ज्युनियर वॉर्डन. नाव तुरुंगातलं वाटतं, काम मात्र इमारत सांभाळायचं: गळकं छप्पर, बॉयलर, किल्ल्या. पगार शून्य. पाद्रीबाई अर्धवेळ, एक रविवार आड येतात. एरवी प्रार्थना हीच चालवते. पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस पवित्र करायचा अधिकार पाद्र्यांचाच, ती मर्यादा ती पाळते.

जानेवारीत बॉयलर बंद पडला. मी मोबाईलचा टॉर्च धरून उभा. (आमच्याकडे याला ऑन-कॉल म्हणतात, वर पैसेही मिळतात.) वेस्ट्रीच्या, म्हणजे कार्यकारिणीच्या निवडणुकीत तिच्या जागी कुणी उभंच राहिलं नव्हतं. काळे हात पुसताना तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला. मी तर त्यांचा सभासदही नाही. हात पुसून झाले, तरी तिने तो लगेच परत मागितला नाही.