शाफ्ट, क्रॉस आणि दोन दगड

गाडीचा आवाज चालवणाऱ्याला सगळ्यात शेवटी ऐकू येतो, असं माझं हल्ली मत झालंय. आमची पिकअप पहिल्या गिअरात टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' व्हायचं. रिव्हर्स टाकला की पुन्हा 'टक्'. मी महिनाभर गाणी लावून निवांत चालवत होतो. एक दिवस ओट्यावर बसलेले अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "क्रॉस गेलाय."

ज्यांचा गाडीच्या पोटाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जी लांब नळी फिरते तो प्रोपेलर शाफ्ट. मागची चाकं खड्ड्यांबरोबर वरखाली होतात, गिअरबॉक्स मात्र आपल्या जागी बसून असतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाकू शकणारा सांधा लागतो. त्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा म्हणजे क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि टोपीच्या आत सुईसारखे बारीक रोलर. ग्रीस संपलं की गंज, आणि गंज आला की 'टक्'.

गाडी २००३ सालची. आमचा कांदा चाकणला आणि तरकारी गुलटेकडीला याच गाडीनं पोचवली. माझ्या डिप्लोमाची फी, बहिणीचं लग्न, सगळं तिच्या मागच्या हौद्यातून आलं म्हणा ना. आता अण्णांचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत आणि मी रांजणगावला कंपनीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढतो. त्यामुळे गाडी आठवड्यातून दोनदा शेतावर जाते, एवढंच. मी म्हटलं, भंगारवाल्याला देऊन टाकू. तो आहे तशी उचलून न्यायला तयार होता. अण्णा "बघ तुझं तू" म्हणाले आणि पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

एका गॅरेजवाल्यानं पूर्ण शाफ्टच बदलायला सांगितला. आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. म्हटलं, आपण मेकॅनिकलवाले, दोन क्रॉस बदलता येत नाहीत म्हणजे काय! क्रॉस मागवले. ते पार्सल गेलं तळेगाव दाभाड्याला. आम्हा ढमढेरेकरांना याची सवय आहे. पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मावळात असलेल्या त्या तळेगावानं आमची लग्नाची आमंत्रणंसुद्धा खाल्ली आहेत. असो. आठवड्यानं क्रॉस आले.

शनिवारी सकाळी अंगणात गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो. हँडब्रेकची केबल ढिली होती, म्हणून गाडी पहिल्या गिअरात ठेवली होती. फ्लँजवर ऑइलपेंटनं खुणा केल्या, कारण कॉलेजात सांगितलं होतं, सोडवण्याआधी खूण करा. बोल्ट गंजलेले. डिझेल टाकून थांबलो, मग पान्याला पाइप लावून एकेक सोडवला. शेवटचा बोल्ट निघाला, शाफ्टचं टोक दाणकन खाली आलं, आणि माझ्या डोक्यावरची गाडी हलली.

फार नाही, दोनेक बोटं. मग थांबली.

कसा बाहेर आलो ते आठवत नाही. बघतो तर उताराच्या बाजूनं मागच्या दोन्ही चाकांना दगड लावलेले. आईच्या जुन्या चुलीचे. अण्णा शेजारी काठी टेकून उभे.

"गाडी गिअरात होती की," मी म्हटलं.

"गिअरात हाय, पन शाफ्ट कुठंय? शाफ्ट काढल्यावर गिअर कुनाला धरनार?"

मी गप्प. इतकी साधी गोष्ट. गिअर चाकाला धरून ठेवतो तो शाफ्टमधूनच, आणि तो तर मी स्वतःच सोडवत होतो. मला डिप्लोमाला फर्स्ट क्लास होता. वाकताना त्रास होतो म्हणून अण्णा चपलासुद्धा बसून घालतात. ते दोन दगड त्यांनी कसे आणले आणि कधी लावले, हे मी अजून विचारलेलं नाही.

पुढचं काम सोपं नव्हतं. लॉक काढले, पण टोप्या हलेनात. शेवटी व्हाइसमध्ये धरून, एका बाजूला छोटी गोटी आणि दुसऱ्या बाजूला मोठी लावून दाबल्या. मावेना म्हणून शाफ्ट मधल्या दात्यांच्या जोडातून ओढून दोन तुकड्यांत वेगळा केला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. नवा क्रॉस बसवताना चौथी टोपी शेवटच्या मिलिमीटरला अडली. हातोडा उचलला तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "सुई पडली असंल आत." टोपी काढली. खरंच एक रोलर आडवा होऊन तळाशी पडला होता. ठोकली असती तर टोपी गेलीच असती. रोलर पुन्हा ग्रीसमध्ये उभे चिकटवले, टोपी अलगद बसली, लॉकही बसला.

संध्याकाळी शाफ्ट चढवला. फ्लँजच्या खुणा बरोब्बर जुळवल्या. न्हावऱ्याच्या रस्त्याला गाडी काढली. 'टक्' गेला होता! चाळीसपर्यंत मी खुशीत. त्यापुढे मात्र गाडी अशी थरथरायला लागली की आरसासुद्धा दिसेना. आधी आवाज होता, आता थरथर. मी तसाच हळूहळू परत आलो आणि न जेवता झोपलो.

रात्री आठवलं. आम्हाला शिकवलेला 'हूक्स जॉइंट' तो हाच. रॉबर्ट हूक हा सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ. त्याआधीच्या शतकातल्या कार्दानो या इटालियन पंडिताचं नावही या सांध्याला लावतात. या सांध्यात एक खोड आहे. तो कोनात फिरला की पलीकडची बाजू एकसारख्या वेगानं फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावते, दोनदा मागे पडते. दहा अंशाच्या कोनात हा फरक दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास. शाफ्ट मिनिटाला हजार फेरे फिरला तर दोन हजार हिसके. म्हणून दुसऱ्या टोकाला तसाच सांधा लावतात. कोन सारखे असले, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत असले, की पहिल्यानं केलेली चूक दुसरा भरून काढतो. मी खुणा फ्लँजवर केल्या होत्या. मधल्या दात्यांच्या जोडावर नाही. तो एखादा दाता सरकून बसला होता आणि दोन्ही सांधे आता एकमेकांची चूक भरून काढत नव्हते. पेपरात या प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते हो!

रविवारी पुन्हा दगड लावले (मी, आधी) आणि शाफ्ट उतरवला. अण्णा जवळ खुर्ची घेऊन बसले. "खून बघितली का?" म्हणाले. "कुठली?" "रॉकेलनं पूस."

जोडावरचा वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस पुसलं. दोन्ही तुकड्यांवर छिन्नीचा एकेक बारीक घाव होता. समोरासमोर आणले, तर दोन्ही चिमटे एका रेषेत. २०११ साली हडपसरजवळ रस्त्यात क्रॉस गेला तेव्हा त्यांनीच केलेली खूण. मी तेव्हा हॉस्टेलवर. फोनवर म्हणाले होते, "गाडी जरा बंद पडली होती," एवढंच. हूक त्यांना माहीत नाही. पण परत कुणीतरी हे उघडणार, हे माहीत होतं.

दुपारी त्यांना शेजारी बसवून न्हावऱ्याच्या रस्त्याला गेलो. पन्नासला गाडी गप्प. अण्णा खिडकीतून उसाकडे बघत होते. परत येताना म्हणाले, "आता द्यायची तर दे कुनाला. चालती दे. मोडकी नको."

म्हणजे चार दिवसांचा राग विकण्यावर नव्हताच. मला वाटलं होतं त्यांचा जीव गाडीत अडकलाय. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वीस वर्षं राबलेली गाडी बंद पडलेल्या अवस्थेत दारातून उचलून नेऊ नये. आणि हे कदाचित ते फक्त गाडीबद्दल बोलत नव्हते.

गावातल्याच एका तरकारीवाल्यानं विचारलंय. बघू. तूर्तास गाडी दारात उभी आहे, गिअरात. चाकांना दगड लावायला मात्र मी आता विसरत नाही.